कॅराव्हॅन सहलीचा शेवटचा दिवस: इंदूरला, आपल्या माणसांत

कॅराव्हॅनची, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या घरासारख्या गाडीची, पहिली सहल आखताना लोक पहिल्या दिवसाचा फार बारकाईनं विचार करतात. शेवटच्या दिवसापुढे फक्त ‘परत’ असं लिहिलेलं असतं. मग दहा-बारा दिवसांची धूळ, ओले टॉवेल, भरत आलेल्या टाक्या आणि पाच-सहाशे किलोमीटरचा रस्ता हे सगळं एकाच दिवसावर येऊन पडतं. घरी पोचेपर्यंत माणसं इतकी दमलेली असतात की सहलीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्या पहिल्या दोन सहली अशाच संपल्या. तिसऱ्या वेळेपासून आम्ही परतीच्या आधीचा एक अख्खा दिवस इंदूरला ठेवायला लागलो. माझं बालपण इंदूरच्या रामबागेत गेलं, लग्नानंतर मी पुण्याला आले, आणि माझ्या शाळेतल्या मैत्रिणींपैकी निम्म्या अजून इंदूरलाच आहेत. त्या दिवशी गाडी जागची हलत नाही. आम्ही लोकांच्या घरात बसतो, बस्स.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण त्यासाठी तयारी लागते. घराएवढी गाडी घेऊन तुम्ही कुणाच्या दारात उभे राहता तेव्हा त्या घराची वीज, पाणी, मोरी, गल्ली आणि शेजारी या सगळ्यांशी तुमचा संबंध येतो. हे आधी मार्गी लावलं नाही, तर मित्राचा दिवस तुमच्या गाडीची सरबराई करण्यात जातो. पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी, आम्ही ज्या क्रमानं करतो त्या क्रमानं सगळं सांगते.

आधी मार्ग जुळवा

पुण्या-नाशकाहून माळव्यात जायचं तर धुळे, शिरपूर, सेंधवा या वाटेनं आग्रा-मुंबई रस्त्यावरून वर चढायचं असतं. पुण्याहून इंदूर सुमारे ६०० किलोमीटर. महेश्वर आणि मांडू जातानाच करून घ्या, कारण दोन्ही इंदूरच्या अलीकडे आहेत आणि महेश्वर तर धामनोदहून आत वळलं की लगेच येतं. मग भोपाळ, भीमबेटका, सांची असं फिरून येताना शेवटचा मुक्काम उज्जैनला करा. उज्जैन ते इंदूर जेमतेम ५५ किलोमीटर. म्हणजे इंदूरला पोचाल तेव्हा दिवसभर गाडी चालवून अंग आंबलेलं नसेल. येतानाही महेश्वर घालण्याचा मोह होतो, आम्हालाही झाला होता. त्यात इंदूरचा दिवस अर्धा होतो, म्हणून नका घालू.

तारीख धरताना दोन दिवस टाळा. रंगपंचमीला इंदूरला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, राजवाड्याच्या आसपास रंगात न्हालेली गर्दी असते. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्यांची, म्हणजे देखाव्यांची, मिरवणूक चालते. दोन्ही पाहण्यासारखं आहे, पण त्यासाठी रेल्वेनं किंवा बसनं या. मोठी गाडी घेऊन त्या दिवशी शहरात शिरू नये.

मग फोन, पण प्रश्न नेमके विचारा

आठ दिवस आधी फोन करा आणि दोन दिवस आधी पुन्हा एकदा. ‘गाडी लावायला जागा आहे का?’ असं विचारलंत तर इंदूरचा माणूस एकच उत्तर देणार: ‘अरे या तर, सगळं होऊन जाईल!’ हे प्रेम आहे, त्यावरून गल्लीची रुंदी कळत नाही. म्हणून असं विचारा: तुमच्या गल्लीत शाळेची बस येते का? पाण्याचा टँकर येतो का, आणि तो वळतो कुठे? टँकर जिथे जाऊन वळतो तिथे बहुतेक कॅराव्हॅन जातेच. घरात जो रोज चारचाकी काढतो त्याच्याशी बोला, नेमकं उत्तर त्याच्याकडेच मिळतं. गल्लीचा एक व्हिडिओ मागवा आणि चित्रीकरण करताना मोबाइल वर, तारांकडे धरायला सांगा.

तारांचं सांगायचं कारण आहे. गाडीची उंची कागदपत्रांत असते ती कंपनीतून निघालेल्या गाडीची. वर एसी बसवला, सोलर पॅनेल बसवलं की ती वाढते. टपावरच्या सगळ्यात उंच वस्तूपर्यंत स्वतः टेप लावून मोजा आणि तो आकडा चालकाच्या डोळ्यासमोर चिकटवा. एका वर्षी आम्ही हा आकडा अंदाजानं धरला होता. लोकमान्यनगरात मैत्रिणीच्या घराशी वळताना पॅनेलच्या कोपऱ्यात शेजारच्यांची केबल अडकून तुटली. ती माणसं एका शब्दानं बोलली नाहीत, पण माणूस बोलावून ती जोडून देईपर्यंत आमची सकाळ गेली आणि मैत्रिणीला शेजारी जाऊन माफी मागावी लागली. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी एक जण खाली उतरतो आणि वर बघत पुढे चालतो.

दारात जागा नसेल तर ओढाताण करू नका. सोसायटी असेल तर पाहुण्यांच्या गाड्यांची जागा सेक्रेटरींकडून आधी मंजूर करून घ्या, आणि चौकीदारालाही स्वतः सांगा. रात्री अकराला दार वाजवणारा तोच असतो. दुसरा पर्याय मला फार आवडतो: मॅरेज गार्डन, म्हणजे लग्नसमारंभासाठी भाड्यानं देतात ती मोकळी जागा. इंदूरला ती जागोजागी आहेत. मुहूर्त नसलेल्या दिवशी रिकामी असतात, आत मोठं फाटक, सपाट जमीन, पाणी, वीज, स्वच्छतागृह असं सगळं असतं. स्थानिक मित्रानं फोन केला तर एका रात्रीसाठी जागा मिळून जाते. तिथे रीतसर पैसे द्या, आणि मित्राच्या घरी रिक्षानं जा.

आदल्या संध्याकाळी, उजेडात पोचा

‘शेवटचा दिवस’ खरा आदल्या संध्याकाळी चार-पाचला सुरू होतो. उज्जैनहून जेवून निघा. राजवाडा, जेल रोड, सराफा या जुन्या भागातून गाडी नेण्याचा विचारही नको. नकाशा जवळचा रस्ता दाखवतो म्हणून तिकडे वळू नका, बाहेरच्या रुंद रस्त्यांनी वळसा घ्या. शेवटच्या एक-दोन किलोमीटरसाठी मित्राला दुचाकीवर पुढे यायला सांगा, त्याच्या मागे जा.

गाडी उभी करताना तीन गोष्टी बघायच्या. दार घराच्या बाजूला उघडावं. कुणाचं फाटक अडू नये. आणि सकाळी कचऱ्याची गाडी सहज जावी. इंदूरमध्ये ही गाडी ठरल्या वेळी गाणं वाजवत येते, तिची वाट अडवणं लोकांना मुळीच खपत नाही. छत्रीसारखा बाहेर काढायचा कापडी मांडव गल्लीत उघडू नका.

हँडब्रेक लावा. मग गाडी समपातळीत आहे का ते पाहा. ओट्यावर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली तरी पुरतं. उतार असेल तर खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून गाडी वर घ्या. गाडी सपाट झाली की चाकांना लाकडी ठोकळे द्या. गाडी कललेली असली तर रात्रभर डोकं खाली-पाय वर अशी झोप होते आणि बेसिनमधलं पाणी एका कोपऱ्यात तुंबतं. गॅसच्या फ्रिजलाही कललेली गाडी चालत नाही.

वीज: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या घरात दोन प्रकारचे सॉकेट असतात. टीव्ही, पंखा, मोबाइलचा तो ६ अँपिअरचा. गीझर, एसीचा मोठ्या भोकांचा तो १६ अँपिअरचा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे साधारण १,३८० वॉट आणि १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३,६८० वॉट. आता गाडीचा हिशोब करा. एक टनाचा एसी चालताना हजार-बाराशे वॉट घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याहून पुष्कळ जास्त ओढतो. बॅटरीचा चार्जर आणखी पाचशे-सहाशे. त्यातच कुणी इंडक्शनवर चहा ठेवला तर दोन हजार. ही बेरीज ६ अँपिअरच्या सॉकेटवर टाकली की सॉकेट तापतं. मीच एकदा दिवाणखान्यातल्या साध्या सॉकेटमधून वायर घेतली होती. दोन तासांनी जळका वास आला, सॉकेटची पाटी वितळली होती आणि घरातला अर्धा भाग अंधारात होता. घरात नव्वदीचे आजोबा होते. त्या रात्रीची आठवण अजून टोचते.

म्हणून १६ अँपिअरचंच सॉकेट मागा. गीझरचं असेल तर सकाळी आंघोळी होईपर्यंत तुमची वायर काढून ठेवा. वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची हवी. ती स्वतःची बाळगा, दुसऱ्याच्या घरातलं दिवाळीच्या माळांचं एक्स्टेन्शन चालत नाही. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली तापते. अर्थिंग आहे की नाही ते आधी तपासा. गाडीचा पत्रा म्हणजे धातूचा मोठा डबा आहे, अर्थिंग नसलं आणि कुठे गळती झाली तर पायरीवर पाय ठेवणाऱ्याला झटका बसतो. गाडीच्या आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारं बटण, नसेल तर सहलीला निघण्याआधीच बसवून घ्या. आणि वायर दारातून नेताना फटीत चिमटू देऊ नका, खिडकीतून न्या.

एवढं करून मी म्हणेन, मित्राच्या दारात एसी लावूच नका. माळव्याच्या रात्री प्रसिद्ध आहेत. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, आणि मे-जून सोडले तर रात्री पंखा पुरतो. रात्रभराचा एसी सात-आठ युनिट खातो. ते पैसे तुमच्याकडून कुणी घेणार नाही, आणि तुम्ही देऊ केलेत तर वाईट वाटून घेईल. त्यापेक्षा फक्त बॅटरी भरून घ्या. जनरेटर असेल तर निवासी गल्लीत त्याला हात लावू नका.

पाणी आणि सांडपाणी

महेश्वरच्या घाटावर जी नर्मदा तुम्ही पाहिलीत, तीच इंदूरच्या नळाला येते. महेश्वरपासून जवळच जलूदला ते पाणी उचलतात आणि सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून शहरात आणतात. १९७८ साली हे पाणी पहिल्यांदा इंदूरला आलं. माझी आई त्याआधीच्या टंचाईच्या गोष्टी सांगायची. इतक्या लांबून चढवलेलं पाणी, त्यामुळे पुष्कळ भागांत ते एक दिवसाआड येतं, आणि लोक घरच्या टाकीचा हिशोब ठेवून वापरतात. शंभर लिटरची तुमची टाकी पाइप लावून भरणं म्हणजे त्या घराचं दुसऱ्या दिवशीचं पाणी संपवणं. म्हणून उज्जैनलाच टाकी भरून निघा. लागलंच तर ‘नर्मदेचं पाणी कोणत्या दिवशी येतं?’ हे विचारा, आणि नळ चालू असतानाच दोन बादल्या घ्या.

गाडीतलं सांडपाणी दोन प्रकारचं असतं. बेसिनचं आणि आंघोळीचं साबणाचं पाणी एका टाकीत, संडासाचं दुसऱ्या पेटीत. दोन्ही इंदूरला पोचण्याआधी रिकामं करून आलात तर या परिच्छेदाची गरजच पडणार नाही, आणि तेच उत्तम. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. २०२१ साली ‘वॉटर प्लस’ ठरलेलं ते देशातलं पहिलं शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडण्याबद्दलचा मान. त्या शहरात रस्त्याकडेच्या गटारात साबणाचं पाणी सोडणं दंडाचं काम आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तुमच्या मित्राला गल्लीत मान खाली घालावी लागते. साबणाचं पाणी बादलीनं न्हाणीच्या मोरीत ओता. संडासाची पेटी रिकामी करायचीच असेल तर घरचा संडास ड्रेनेज लाइनला जोडलेला आहे का ते आधी विचारा. सेप्टिक टँक असेल तर तुमच्या पेटीतलं रसायन त्यातले उपयोगी जंतू मारतं, तिथे ओतू नका. ओतायचं तर पहाटे, घर उठायच्या आत, आणि नंतर संडास घासून स्वच्छ करायचा, घरातल्या बाईनं बघण्याआधी.

कचऱ्याचंही तसंच. इथे घराघरात ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक असा सहा भागांत वेगळा करतात. दहा दिवसांची सरमिसळ पिशवी यजमानाच्या हातात देऊ नका. आधीच वेगळी करून आणा.

झोपायचं कुठे?

हा वाद दरवेळी होतो. ‘घर असताना गाडीत झोपता?’ माझं मत पक्कं आहे: झोप गाडीत, आंघोळ त्यांच्याकडे. गाडीत झोपलात की यजमानांना गाद्या काढाव्या लागत नाहीत आणि पहाटे निघताना घर जागं होत नाही. पण दहा दिवस दोन तांब्यांत आंघोळ केल्यानंतर मैत्रिणीच्या घरी गरम पाण्याची पूर्ण बादली मिळणं, आणि केस पुसत तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभं राहणं, हे सुख सोडू नये. आंघोळीची वेळ मात्र तिला विचारूनच ठरवा, सकाळी शाळा-ऑफिसची घाई असते.

आता खरा दिवस

सकाळी साडेसातला पोहे. इंदूरचे पोहे आपल्यापेक्षा वेगळे असतात. पाण्याच्या वाफेवर पातेलं ठेवून ते गरम ठेवतात, त्यात बडीशेप असते, वरून शेव, कांदा आणि जिरावन नावाचा चटपटीत मसाला. सोबत जिलबी. घरातल्या सगळ्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या ठेल्यावर चालत जा, उभ्यानं खा. घरी केलेले पोहेही मिळतील, पण वहिनींना सकाळी सकाळी ओट्यापाशी उभं करण्यापेक्षा त्यांना ठेल्यावर नेलेलं चांगलं.

दिवसभरात किती घरी जायचं? दोन. फार तर दोन. इंदूरला माझ्या ओळखीची पंधरा घरं आहेत आणि पहिल्या वर्षी मी सहा घरी गेले. प्रत्येक ठिकाणी चहा, चिवडा, ‘आत्ता तर आलीस’, आणि घड्याळाकडे बघणारी मी. कुणाशीच धड बोलणं झालं नाही. आता मी बाकीच्यांना एकाच घरी बोलावते. संध्याकाळी साडेपाचला, मैत्रिणीच्या गच्चीवर. तिला विचारून, आणि खाण्याचं सामान मी आणून. ज्यांना यायचं ते येतात.

म्हाताऱ्या माणसांकडे मात्र आपण जायचं, आणि सकाळी जायचं. दहा ते साडेअकरा ही वेळ बरी, त्यांचं आवरलेलं असतं आणि दुपारची झोप अजून लांब असते. माझ्या गणिताच्या बाई आता घराबाहेर पडत नाहीत. गेल्या वेळी मी त्यांना दाराशी उभी केलेली गाडी मोबाइलवर दाखवली, तर म्हणाल्या, ‘मला आत बसव न एकदा.’ दुसऱ्या दिवशी निघताना आम्ही त्यांच्या रस्त्यावरून गेलो, रुंद रस्ता होता. दोन माणसांनी धरून त्यांना पायरीवर चढवलं आणि त्या आमच्या छोट्या टेबलाशी पाच मिनिटं बसल्या. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर पायरीजवळ धरायला दांडा आहे ना, हे बघून ठेवा, आणि खाली ठेवायला एक पक्कं स्टूल बाळगा.

इंदूरची मराठी माणसं होळकरांच्या काळापासून तिथली आहेत. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, आणि कारकून, शास्त्री, शिपाई, गवई असे सगळे तिथे रुजले. त्यांच्या मराठीत हिंदी सहज मिसळलेली असते. पुण्याहून जाणाऱ्यांना एक विनंती: ती भाषा दुरुस्त करू नका. दोनशे वर्षं परमुलखात टिकवलेली मराठी आहे ती. गच्चीवर बसून ऐका. सर्वटे बसस्टँडजवळच्या जुन्या घरांच्या आठवणी, बेंद्रे चित्रकार इथलेच, लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली इथलाच, हे सगळं कुणीतरी सांगेलच. ते सांगतानाचा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुपारी जेवायला बहुतेक दाल-बाफले असतील. बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. चौथ्या बाफल्यानंतर माणूस आडवाच होतो. ते धरूनच दिवस आखा: दोन ते साडेचार काहीही ठरवू नका. गाडीच्या खिडक्या उघडून झोपा. यजमानही झोपतील, त्यांनाही तेवढा वेळ हवाच असतो.

चालक सोबत असेल तर

भाड्याची कॅराव्हॅन असली तर बरोबर चालक असतो. मध्य प्रदेश पर्यटनाच्या गाड्याही भाड्यानं मिळतात. नव्या लोकांच्या डोक्यात चालकाची सोय सगळ्यात शेवटी येते. तुमचा आरामाचा दिवस हा त्याचाही आरामाचा दिवस असायला हवा, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असणार आहे. त्याची झोपायची जागा पंख्याची, सपाट आणि शांत आहे ना ते आधीच बघा. लॉजची खोली घेऊन दिली तर उत्तम. ‘जरा राजवाड्यापर्यंत सोडून दे’ असं त्या दिवशी त्याला सांगू नका. जेवायला आपल्याच पंगतीत बोलवा.

संध्याकाळी एकच ठिकाण

पाहुणे आलेत म्हणून यजमान लालबाग, काच मंदिर, खजराना अशी यादी काढतील. त्यातलं एक निवडा, तेही मित्राच्या स्कूटरवर किंवा रिक्षानं. मला विचाराल तर राजवाडा आणि जवळच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या. सात मजली राजवाडा १९८४ च्या आगीत होरपळला होता, लाकडी मजले जळाले. ज्यांनी ती आग पाहिली आहे त्यांच्यापैकी कुणाबरोबर तरी तिथे उभे राहा.

सराफ्याबद्दल स्पष्ट सांगते. दिवसा दागिन्यांचा बाजार, दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याचा बाजार. भुट्ट्याचा किस, थंडीत गराडू (तळलेला कंद), खोबऱ्याची पॅटिस, मालपुवे. रात्री नऊ-दहाला तो रंगतो आणि मध्यरात्रीनंतरही चालू असतो. पहाटे पाचला निघायचं आणि सराफाही करायचा, हे जमत नाही. झोप न झालेल्या चालकानं घाट उतरू नये. सराफ्याला जायचंच असेल तर पोचलात त्या संध्याकाळी जा, किंवा घरी परतणं आणखी एक दिवस पुढे ढकला. गच्चीवरच्या बैठकीसाठी किस आणि शेव कुणाकडून तरी मागवून घ्या, तेवढ्यानं माझं भागतं.

रात्रीची आणि पहाटेची कामं

साडेनऊला गप्पा आवरा. आवरणं कठीण असतं, म्हणून वेळ आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. झोपण्यापूर्वी गाडीतली सुटी भांडी कपाटात, कपाटांच्या कड्या लावलेल्या, गॅस सिलिंडर मूळ नॉबपाशी बंद. टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना बघा. निघताना क्रम चुकवू नका: आधी वायर काढा, मग ठोकळे, पायरी आत, टपावरची हवेची झडप बंद, आणि एका माणसानं गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची. वायर लावलेलीच ठेवून गाडी हलवणं ही नव्यांची नेहमीची चूक आहे. आम्ही वायर लावली की गाडीची किल्ली वायरच्या रिळावर अडकवतो.

राजेंद्रनगर, राऊ, मग महामार्ग. मानपूरनंतर रस्ता पठारावरून खाली उतरतो. जड गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवा, सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापून पकड सोडतात. खलघाटला नर्मदा ओलांडायची. पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाट लागतो, तिथेही तीच काळजी. इंदूरच्या विमानतळाजवळही एक बिजासन आहे, टेकडीवरचं देऊळ. नकाशात नाव टाकताना दोहोंची गल्लत करू नका.

एक शेवटचं काम बाकी राहतं. निघताना हातात डबे दिले जातील. वहिनींच्या लाडवांचा स्टीलचा, मैत्रिणीच्या आईच्या जिरावनाची बरणी, कुणाची तरी शेव. डब्यांच्या तळाला चिकटपट्टी लावून कुणाचा कोणता ते पेननं लिहून ठेवा, धुळ्याला जेवायला थांबाल तेव्हा लक्षात राहत नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, त्यामुळे पुढच्या सहलीच्या सामानात ते भरलेले असायला हवेत. आमच्या कपाटात आत्ता चार आहेत. त्यातल्या एकात दिवाळीनंतर चकल्या जाणार आहेत.